‘काळजीचे कारण नाही’

पक्ष्यांवर लेख लिहिण्याचा तुम्हाला अधिकार काय, असे वाचकांनी विचारले तर आमच्यापाशी उत्तर नाही. आमचा जन्म रोगी सांभाळण्यात गेला. आधी मुंबईच्या एका इस्पितळात, मग या देशात, मिळून पस्तीस-छत्तीस वर्षे. पक्ष्यांची शास्त्रीय नावे आम्हाला आजही पुस्तकात पाहावी लागतात. पण रोग्याच्या खाटेच्या पायथ्याशी जो तक्ता टांगलेला असतो, तो कसा वाचावा आणि त्यावर किती विसंबावे, हे मात्र आम्ही शिकलो. हा लेख अशाच एका तक्त्याविषयी आहे. त्यावरचा रोगी माणूस नसून एक गाणारा पक्षी आहे, आणि तो आपल्या कोकणातला आहे म्हणून त्याची हकिकत सांगावीशी वाटली.

त्या पक्ष्याचे नाव श्यामा. आपल्यापैकी ज्यांचे बालपण पेण, रोहे, अलिबाग या बाजूला गेले त्यांना दयाळ पक्षी आठवत असेल. काळापांढरा, विहिरीच्या काठावर शेपूट उडवीत बसणारा, पहाटे गोड शीळ घालणारा. श्यामा हा त्याचा चुलतभाऊ. दयाळ वाडीत, माणसांत राहतो. श्यामा मात्र लाजरा, दाट रानाच्या तळाशी, बांबूच्या बेटांत, ओढ्याकाठच्या झुडपांत राहून किडे टिपणारा. नराचे डोके, पाठ आणि छाती तुकतुकीत काळी, पोट विटकरी, कमरेवर पांढरा ठिपका आणि शेपटी अंगापेक्षा लांब. मादी तशीच, पण काळ्याच्या जागी राखी. वजन जेमतेम तीस ग्रॅम, म्हणजे आपल्या मोठ्या चमच्यातल्या दोन चमचे औषधाएवढे. झाडाच्या ढोलीत घरटे करतो, मादी एकटीच अंडी उबवते, आणि पिल्लांना मग आईबाप दोघे भरवतात.

त्याच्या शास्त्रीय नावात मलबारचे नाव आहे, पण तो केवळ मलबारचा नाही. आपल्या सह्याद्रीपासून हिमालयाच्या पायथ्याची राने, आसाम, ब्रह्मदेश, थायलंड, मलाया, आणि पुढे सुमात्रा, जावा, बोर्निओपर्यंत त्याचे भाऊबंद पसरले आहेत. पनवेलहून पेणकडे जाताना डाव्या-उजव्या हाताला जे कर्नाळ्याचे रान लागते, जिथे १९६८ साली पक्षी अभयारण्य झाले, तिथेही तो आहे. लहानपणी त्याचे नाव आम्हाला कोणी सांगितले नव्हते. दिवस मावळताना, इतर पाखरे गप्प झाल्यावर, डोंगराच्या बाजूने एक भरलेला, घोटलेला आवाज येई. मधेच दुसऱ्याच पक्ष्याची नक्कल करी, मग पुन्हा आपल्या मूळ स्वरावर येई. आमची आजी म्हणायची, “चला, दिवा लावा, त्याने हाक मारली.” तो श्यामा होता हे आम्हाला कळले ते पुष्कळ वर्षांनी.

या आवाजाचा एक मान असा आहे की तो वाचून आपल्या लोकांना विशेष वाटेल. १८८९ साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट गावी लुडविग कॉख नावाचा आठ वर्षांचा ज्यू मुलगा होता. वडिलांनी त्याला एडिसनचे नवे ध्वनियंत्र आणून दिले. त्यावर, मेणाच्या नळकांड्यावर, त्याने पिंजऱ्यातल्या एका पक्ष्याचे गाणे उतरवून घेतले. पक्ष्याच्या गाण्याचे जगातले सर्वांत जुने ठाऊक असलेले ध्वनिमुद्रण ते हेच, आणि तो पक्षी होता श्यामा. पुढे १९३६ साली कॉख हिटलरच्या जर्मनीतून निसटून इंग्लंडला गेले. तिथे बी.बी.सी.वरून त्यांनी ऐकवलेली पक्ष्यांची गाणी घराघरांत पोचली. १९७४ साली ते वारले, पण तो मेणावरचा श्यामा अजून ऐकायला मिळतो.

आता यात एक गोष्ट ध्यानात घ्या. श्यामाचे घर उष्ण कटिबंधाच्या दाट रानात. आणि जगाने त्याचे गाणे प्रथम टिपले ते जर्मनीच्या थंडीत, पिंजऱ्यात. म्हणजे गाणे चांगले म्हणून त्याला घरातून उचलण्याची चाल तेव्हाही जुनीच होती. आपल्या मुंबईतही पूर्वी बाजारात पिंजरे टांगलेले असत आणि शौकीन लोक श्यामा मागून नेत. गुणच त्याचा वैरी झाला.

हा विषय आमच्या घरात आला तो नातीमुळे. सैन्यातली सेवा संपवून इथली मुले जग पाहायला जातात, तशी ती मैत्रिणींबरोबर थायलंडला गेली होती. तिथल्या एका दुकानाच्या दारात टांगलेल्या पिंजऱ्याचे चित्रण तिने फोनवर पाठवले. आवाज ऐकताच आमच्या अंगावर काटा आला. आम्ही लगेच कळवले की बाळा, हा आपल्या गावाकडचा पक्षी, याला रानात राहू द्यायला हवे. तिचे उत्तर आले, “सावता, मी शोधून पाहिलं. जागतिक यादीत तो सर्वांत खालच्या वर्गात आहे. लीस्ट कन्सर्न. म्हणजे काळजीचं कारण नाही. मग तुला कसली काळजी?”

प्रश्न चोख होता. आजीच्या हळव्या मनाने त्याचे उत्तर देता येत नव्हते, म्हणून आम्ही वाचू लागलो.

निसर्गरक्षणाचे काम पाहणारी एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे, आय.यू.सी.एन. तिची स्थापना १९४८ ची. १९६४ पासून ती ‘रेड लिस्ट’ म्हणजे लाल यादी ठेवते. जगातल्या प्राण्यांची आणि वनस्पतींची प्रकृती तपासून प्रत्येकाला एक वर्ग द्यायचा, असे ते काम. नामशेष, फक्त बंदिवासात उरलेला, अतिसंकटात, संकटात, असुरक्षित, संकटाच्या जवळ, आणि शेवटी ‘लीस्ट कन्सर्न’ म्हणजे सर्वांत कमी चिंतेचा. श्यामा या शेवटच्या वर्गात आहे, हे नातीचे म्हणणे खरे. पण त्याच नोंदीत खाली आणखी एक शेरा आहे: संख्या घटत आहे. तो शेरा तिने वाचला नव्हता. बहुतेक लोक वाचत नाहीत.

इस्पितळात काम केलेल्या बाईला हे समजायला वेळ लागत नाही. समजा एका वॉर्डात दोन रोगी आहेत. एक एकशेचार तापाने फणफणला आहे, दुसरा थंड पडत पंच्याण्णववर आला आहे. दोघांची सरासरी काढा, ती साडेनव्याण्णव येते, म्हणजे किरकोळ कणकण. कागदावर वॉर्ड ठीक दिसतो, आणि सकाळपर्यंत दोन्ही खाटा रिकाम्या होऊ शकतात. लाल यादीतला वर्ग हा साऱ्या जातीचा मिळून असतो. ती जात पृथ्वीवरून पार नाहीशी होण्याचा धोका आज किती, एवढेच तो सांगतो, आणि तेवढे तो बरोबर सांगतो. सह्याद्रीपासून बोर्निओपर्यंत पसरलेला पक्षी उद्या नामशेष होणार नाही. पण अमुक एका रानात तो उरला आहे का, हे त्या एका शब्दात मावत नाही.

आता जावा बेटाची खाट पाहू. इंडोनेशियात पक्षी पाळणे ही फार जुनी रीत आहे. घर, घोडा, शस्त्र यांच्या जोडीला पक्षी असला की जावातला पुरुष पूर्ण, अशी तिकडची समजूत. २०१८ मध्ये केलेल्या मोठ्या पाहणीवरून अभ्यासकांनी जो अंदाज काढला तो असा की, एकट्या जावात सुमारे १.२ कोटी घरांत मिळून ६.६ ते ८.४ कोटी पक्षी पिंजऱ्यांत आहेत. श्यामाला तिकडे ‘मुराई बातु’ म्हणतात, आणि गाण्याच्या स्पर्धांत त्याचा मान फार मोठा. मैदानात ओळीने पिंजरे टांगतात, पंच कान देऊन गुण देतात, जिंकणाऱ्या पक्ष्याच्या मालकाला बक्षीस आणि गावात पत. नामांकित पक्ष्याची किंमत ऐकली तर मोटारगाडीची आठवण व्हावी. हे सारे दुष्टपणाने चालते असे मात्र कोणी समजू नये. ही माणसे पक्ष्यावर प्रेम करतात, त्याला हाताने किडे भरवतात, त्याच्या आजारपणात रात्र जागतात. पण हे प्रेम रान रिकामे करते.

पकडण्याची रीतही समजून घेण्यासारखी आहे. श्यामाचा नर आपली हद्द राखून असतो. दुसऱ्या नराचा आवाज आला की तो भांडायला धावतो. पारधी पिंजऱ्यातला नर नेतो, किंवा नुसते ध्वनिमुद्रण लावतो, आणि जाळे पसरून बसतो. गाण्याला उत्तर द्यायला जो येतो तोच सापडतो. म्हणजे रानातले उत्तम गाणारे, धीट नर आधी जातात. विणीच्या दिवसांत बाप गेला तर त्या ढोलीतल्या पिल्लांचे काय होत असेल, ते सांगायला नको. वाटेत, कोंदट खोक्यांत, किती मरतात त्याचा हिशेब कुठल्याच पावतीवर नसतो.

जावातल्या रानांत श्यामा आता जवळजवळ ऐकू येत नाही. तिथला माल संपला तेव्हा पारधी सुमात्रात गेले. सुमात्राच्या पश्चिमेला जी लहान लहान बेटे आहेत, तिथले निराळ्या चालीचे श्यामा तर काही ठिकाणी नाहीसे झाल्यातच जमा आहेत. मग पाळी आली मलायाची. २००८ ते २०१८ या काळात निरनिराळ्या देशांच्या अधिकाऱ्यांनी चोरट्या व्यापारातून पकडलेल्या श्यामांची संख्या पंधरा हजारांहून अधिक भरते. हे फक्त सापडलेले. खुद्द इंडोनेशियाच्या सरकारने २०१८ साली श्यामाला संरक्षित यादीत घातले. पाळणाऱ्यांनी आणि पैदास करणाऱ्यांनी आरडाओरड केली आणि त्याच वर्षी त्याचे नाव यादीतून काढावे लागले.

एवढे होऊनही जगाच्या तक्त्यावर त्याचा शेरा तोच आहे. आणि हा शेरा किती लवकर बदलू शकतो, त्याचे उदाहरण त्याच बाजारात आहे. पिवळसर डोक्याचा एक मोठा बुलबुल तिकडे आहे. त्याचेही गाणे सुंदर, त्यालाही तीच हाव. २०१६ मध्ये त्याला ‘असुरक्षित’ वर्गातून काढून ‘संकटात’ घातले. दोन वर्षांनी, २०१८ मध्ये, ‘अतिसंकटात’. थायलंडमधून तर तो उठलाच. रोगी साध्या वॉर्डातून अतिदक्षता विभागात हलवावा तसे हे झाले. आणि अतिदक्षता विभागात काम केलेली कोणतीही परिचारिका तुम्हाला सांगेल की, तिथे आलेल्या पुष्कळ रोग्यांची लक्षणे आधी साध्या वॉर्डातच दिसू लागलेली असतात.

अपघात विभागात नव्या मुलींना आम्ही एक गोष्ट पहिल्याच दिवशी शिकवत असू. जो मोठ्याने ओरडतो आहे त्याचा श्वास चालू आहे. कोपऱ्यात जो गप्प पडला आहे त्याच्याकडे आधी धावा. रानाचेही तसेच. जावातल्या रानात झाडे उभी आहेत, लांबून पाहिले तर सारे हिरवेगार दिसते. गप्प झाले आहे ते आतून.

आमच्या नातीने पुढचा प्रश्न केला तोही चांगला होता. श्यामा बंदिवासात अंडी घालतो, पिल्ले वाढवतो, मग तिथेच पैदास करून विकले तर काय बिघडले? हे काम तिकडे मोठ्या प्रमाणावर चालते, आणि त्याने रानावरचा भार थोडा हलका होऊ शकतो, हे अभ्यासकही मान्य करतात. पण पायात कडी घातली की रानातला पक्षी घरातला म्हणून खपवता येतो. शिवाय रानातला पक्षी अधिक तडफेने गातो अशी शौकिनांची श्रद्धा आहे. जोवर ती आहे तोवर पारध्याला गिऱ्हाईक आहे.

आणखी एक विचार मनात येतो, तो आपल्यासारख्या देश बदललेल्या माणसांनाच येत असावा. १९३१ साली मलायातले श्यामा हवाई बेटांपैकी कवाई बेटावर नेऊन सोडले, १९४० साली ओआहूवर. तिथे ते रुजले, वाढले, आज बागांतून गातात. कोणी म्हणेल, झाले तर मग, जात टिकली! पण परदेशात मुलाचे बरे चालले आहे, एवढ्यावरून गावी राहिलेल्या म्हाताऱ्या बापाची तब्येत चांगली आहे असे कोणी धरत नाही. हवाईतल्या श्यामाने जावातले रान भरत नाही. शिवाय नेऊन सोडलेला पक्षी नव्या जागी नेहमीच असा निमूट राहतो असेही नाही. आपल्या साळुंकीचेच पाहा ना. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तेल अवीवच्या यार्कोन उद्यानाच्या परिसरात ती बंदिवासातून सुटली, आणि आज आमच्या अश्दोदच्या गच्चीवरही तिची भांडणे चालू असतात. सकाळी तिचा आवाज ऐकून क्षणभर पेणच्या अंगणात असल्यासारखे वाटते, हे खरे. पण ती इथल्या पाखरांच्या ढोल्या बळकावते हेही तितकेच खरे. पक्ष्याला त्याच्या जागेवरून उचलले की दोन्हीकडची घडी विसकटते.

आणि गाण्याचे काय? गाणारे पक्षी गाणे जन्मतः घेऊन येत नाहीत. पिल्लू मोठ्यांचे ऐकते, चुकत चुकत शिकते, आणि मग त्याचा गळा तयार होतो. ऑस्ट्रेलियात मध खाणारा एक पक्षी आहे, त्याचे रानात अवघे तीनशेच्या आसपास उरले. २०२१ मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, त्यांतल्या काही तरुण नरांना शिकवायला जातीतले म्हातारेच भेटत नाहीत, म्हणून ते दुसऱ्याच जातीच्या पक्ष्यांची गाणी गातात, आणि स्वजातीच्या माद्यांना ती रुचत नाहीत. बंदिवासात वाढवलेल्या पिल्लांना आता जुन्या ध्वनिफिती ऐकवून त्यांचे गाणे शिकवतात. हे वाचताना आम्हाला आपल्या घरांतली मराठी आठवली. वाचकांनाही आठवेल, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

मग सारेच वाईट आहे का? नाही. २०१७ मध्ये आय.यू.सी.एन.ने आशियातल्या गाणाऱ्या पक्ष्यांच्या व्यापारावर लक्ष ठेवण्यासाठी अभ्यासकांचा खास गट नेमला. नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामा येथे ‘साइट्स’ कराराची परिषद भरली. वन्य जीवांच्या परदेशी व्यापाराविषयीचा हा करार १९७५ पासून अमलात आहे. मलेशिया आणि सिंगापूर यांच्या सूचनेवरून श्यामाला तिथे दुसऱ्या परिशिष्टात घातले. परवान्याशिवाय त्याला एका देशातून दुसऱ्या देशात नेणे आता करार मानणाऱ्या देशांत गुन्हा आहे. बुलबुलाला पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक परिशिष्टात नेले. भारतात १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, आणि १९९०-९१ पासून देशी पक्ष्यांचा व्यापार बंद आहे. चोरून चालते ते चालते, पण श्यामा दारात टांगून मिरवण्याची सोय राहिली नाही. कर्नाळ्याच्या रानात तो आजही गातो, याचे थोडे श्रेय त्या कायद्याला द्यावे लागेल.

आणि थोडे श्रेय मोजणाऱ्यांना. २०२३ मध्ये भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल निघाला, तो सुमारे तीस हजार हौशी पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर उभा आहे. त्यात ९४२ जातींची तपासणी आहे आणि १७८ जातींकडे तातडीने लक्ष द्यावे असे म्हटले आहे. नोंदी करणारी ही माणसे आपल्यासारखीच, कोणी शिक्षक, कोणी बँकेतले, कोणी निवृत्त. रोज सकाळी काय पाहिले, काय ऐकले, एवढेच लिहून ठेवतात. इस्पितळात दर चार तासांनी नाडी आणि ताप लिहिणारी मुलगी जे करते तेच हे काम. त्या एका आकड्याने रोगी बरा होत नाही, पण ते आकडे नसले तर डॉक्टरला येऊनही काही कळत नाही.

आपल्या हातात काय आहे? पहिले, आपली मुले-नातवंडे दूर पूर्वेला फिरायला जातात, त्यांना जाण्यापूर्वी सांगावे. पिंजऱ्यातला पक्षी विकत घेऊ नये. दया येऊन, सोडून देण्यासाठीसुद्धा घेऊ नये, कारण दुकानदाराला विक्री दिसते, दया दिसत नाही, आणि रिकाम्या पिंजऱ्यात दुसरा पक्षी येतो. पिंजऱ्याचे चित्रण दहा जणांना पाठवून हौस वाढवू नये. दुसरे, आपल्या तोरात घरट्यावर बसलेल्या आईला पिल्लांसह उचलू नये अशी आज्ञा आहे, ती मुलांना पाठ असते. श्यामाच्या निमित्ताने तिचा अर्थही त्यांच्याशी बोलावा. तिसरे, आपल्यापैकी पुष्कळ जण दर दोन-चार वर्षांनी कोकणात जातात, नवगाव, रेवदंडा, अलिबाग करतात, कबरी आणि प्रार्थनामंदिरे पाहून परततात. एक पहाट कर्नाळ्याला द्यावी. मुख्यतः एप्रिल ते जून हा श्यामाच्या विणीचा काळ, तेव्हा तो मनापासून गातो. तिथे फोनवर त्याचे गाणे लावून त्याला बोलावू मात्र नका. तो भांडायला बाहेर येतो, घरटे उघडे पडते, आणि हीच युक्ती पारधी वापरतो.

नातीला आम्ही शेवटी एवढेच लिहिले: तक्त्यावर ‘काळजीचे कारण नाही’ असा शेरा असलेल्या रोग्याकडेही रात्रपाळीची सिस्टर जाते, चादर सारखी करते, श्वास चालू आहे ना पाहते. तो शेरा खरा राहतो तो तिच्या फेऱ्यांमुळे. नातीने आपले चित्रण सगळीकडून काढून टाकले, आणि आता येत्या उन्हाळ्यात आम्हा दोघांना कोकणात घेऊन चल म्हणते आहे. गुडघे परवानगी देतील तर जाऊ.